उजवीकडेच वळणारी गाडी

माझे दाजी ज्योतीराम हाताने सोन्यासारखे आणि डोक्याने अर्धवट होते. हे मी प्रेमाने म्हणतोय. गिरजाताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्यांची बायको, हेच रागाने म्हणायची.

दाजी मूळचे कोरेगावकडचे. पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि कासारवाडीत खोली करून राहिले. आमच्या मोशीहून ताईला त्यांनी लग्न करून नेलं ते सायकलच्या कॅरियरवर बसवून. ठरवलेली जीप आलीच नाही, मग करतात काय! मुंडावळ्या बांधलेला नवरा पायडल मारतोय आणि मागे शालूतली नवरी एका हाताने नारळ, दुसऱ्या हाताने सीट धरून बसलीय. गाव पोट धरधरून हसलं. आमच्या अण्णासाहेब काकांनी तर तो विषय जन्माचा धरून ठेवला. ताई सणाला माहेरी आली रे आली, की ओट्यावरून पहिला प्रश्न, "काय गिरजे, सायकलीत हवा हाय न्हवं?"

एका दिवाळीला ताईचं डोकं फिरलं. "आता मोशीत येईन तर चारचाकीतनं. न्हाईतर येणारच न्हाई," म्हणाली आणि खरंच यायची थांबली. भाऊबीजेला मीच कासारवाडीला जाऊन ओवाळून घ्यायचो. आई फराळाचा डबा भरताना काकांकडे असं बघायची, की दुसरा कुणी असता तर गाव सोडून गेला असता. काका मात्र मजेत.

एवढ्यात दाजींच्या कारखान्यातला जर्मन साहेब मायदेशी निघाला. त्याची कासवासारखी फोक्सवॅगन झाडाखाली सडत पडली होती, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. दाजींनी ती भंगाराच्या भावात उचलली. इंजिन मागे, आणि तेही वाऱ्यावर थंड होणारं. पाण्याचं नावच नाही. दर रविवारी खटपट करून त्यांनी ते चालू केलं. राहिली चाकं. ती गंजून चाळणी झाली होती.

साध्या माणसाने चार जुनी चाकं शोधून बसवली असती. पण साहेबाने टाकून दिलेल्या मासिकात दाजींनी रुंद चाकांच्या गाडीचा फोटो पाहिला होता. "पैलवान मांडी ठोकून उभा राहतो ना, तशी आपली गाडी उभी दिसली पाहिजे," ते म्हणाले. भंगारातून चांगल्या रिम आणायच्या, कापून मध्ये पट्टी जोडून रुंद करायच्या, इथपर्यंत ठीक. खरी मेख होती चाकाच्या मधल्या ताटलीची, जी नटांनी गाडीला आवळतात. ती रिममध्ये आत सरकवली की चाक गाडीबाहेर येतं, बाहेर सरकवली की आत जातं. किती सरकवायची? महिनाभर दाजींना दुसरं काही सुचेना. जेवायला बसले की परातीत भाकरी उभी धरून मागे-पुढे सरकवायचे, एक डोळा मिटून बघायचे.

"खायची हाय का बशिवायची हाय?" ताई विचारायची.

शेवटी चाक दोन बोटं बाहेर काढायचं ठरलं. काम दिलं ओळखीच्या वर्कशॉपमध्ये. पहिल्या शिफ्टच्या भीमराजने दोन चाकं अगदी सांगितल्याप्रमाणे वेल्डिंग करून ठेवली. मग आला दुसऱ्या शिफ्टचा मालोजी. पहिल्या शिफ्टचं काम बरोबर असू शकतं, हे मालोजीने उभ्या आयुष्यात मान्य केलं नव्हतं. "भीमराजनं ताटली उलटी लावली जणू," असं म्हणून त्याने उरलेल्या दोन चाकांत ती बाहेरच्या अंगाला सरकवली आणि सुखाने घरी गेला. दिवाळीसाठी वर्कशॉपला कुलूप लागलं.

मी ताईला न्यायला मुराळी म्हणून गेलो, तेव्हा दाजी अंगणात चाकं काढत-घालत बसले होते. दोन चाकं गाडीबाहेर आलेली, दोन आत दडलेली. कशीही लावा, कुठेतरी घासायचीच. अखेर बाहेरची दोन्ही डाव्या अंगाला आणि आतली दोन्ही उजव्या अंगाला लावल्यावर गाडी उजवीकडे वळायला लागली. डावीकडे मात्र नाही. चाक मडगार्डला असं अडायचं, की पत्रा ठोकून मागे सारायलाही जागा नव्हती, कारण नेमका तिथेच दिवा.

"मोशीला जाताना डावं वळण एकच हाय, आपल्या बोळाचं," मी म्हणालो.

"मग झालं तर!" दाजी म्हणाले. ताई नवं लुगडं नेसून केव्हाच आत जाऊन बसली होती. तिचा चेहरा बघून मीही आत शिरलो. गाडी पोचली नाही तर ही परत कधी मोशीचं नाव काढणार नाही, हे मला दिसत होतं.

मोशीत रस्त्याच्या उजव्या हाताला मारुतीचं देऊळ, डाव्या हाताला आमचा बोळ. बोळाच्या तोंडाशीच काका ओट्यावर बसलेले. आम्ही त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेलो. बोळात, दारात उभ्या आईचा हात कपाळाला गेला. दाजींनी देऊळ ओलांडताच गाडी उजवीकडे घातली, परत उजवीकडे, परत उजवीकडे, आणि देवळाला फेरी मारून थेट समोरच्या बोळात शिरले.

काका उठून उभे राहिले. त्यांचे डोळे चक्क भरून आले होते. "सासुरवाडीला यायच्या आधी मारुतीला प्रदक्षिणा! जावई असावा तर असा!"

दाजी प्रामाणिक माणूस. ते चाकांचं सांगायला तोंड उघडणार, तोच ताईने त्यांच्या पायावर पाय दिला.

काकांनी गाडीसाठी बादलीभर पाणी मागवलं. "हिला पाणी लागत न्हाई," दाजी म्हणाले.

"उपास बी धरती व्हय?" काकांनी गाडीला हात जोडले.

मग त्यांना गाडीत बसून मळ्यात जायची हौस आली. बोळातून बाहेर येताच ते म्हणाले, "घ्या डावीकडं." दाजींना दरदरून घाम फुटला. मागून ताईचा आवाज आला, "काका, मारुतीला फेरी घातल्याबगर आमची गाडी कुठं वळत न्हाई." काकांनी टोपी सारखी केली आणि फेरीभर रामनाम घेतलं.

दिवाळीनंतर भीमराज आणि मालोजी यांनी एकमेकांना शिव्या देत चाकं नीट करून दिली. गाडी दोन्हीकडे वळायला लागली.

पुढच्या भाऊबीजेला आम्ही मोशीत शिरलो, तर देवळाशी आधीच माणसं जमलेली. सर्वांत पुढे अण्णासाहेब काका, हात जोडून. सायकलीतल्या हवेची चौकशी करणारा हाच तो माणूस. दाजींनी वेग कमी केला. डावीकडे बोळ मोकळा होता, आई दारात उभी होती. दाजींनी वळून ताईकडे पाहिलं.

"उजवीकडनं घ्या," ताई म्हणाली. "आन जरा सावकाश."