काचेवरच्या सासूबाई

आमच्या रुग्णालयात रंगकाम करणारी एक बाई आहे. भिंतींचं नव्हे, भिंतींना रंग मंत्री येणार असले तरच लागतो. ही गाठी रंगवते. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घ्यायचा आणि एक ठरावीक प्रथिन हुडकणारा द्राव त्यावर सोडायचा. प्रथिन असेल तर पेशींच्या कडा तपकिरी होतात, बाकी सगळं निळं. कडा तपकिरी, तर रोग्याला एक नेमकं औषध लागू पडतं, नाहीतर नाही. एवढा मोठा फैसला जिन्याखालच्या खोलीत होतो, कारण हवेशीर खोली मॅनेजरच्या खुर्चीला लागते.

सगळे तिला रंगारीण म्हणतात. रोग्यांच्या वतीने भांडायला मी गेलो की तोंडावर म्हणते, "आले पुढारी, घसा साफ करून!" आमचं जमतं.

रंग खरंच लागला का, हे कळायला प्रत्येक काचेच्या टोकाला एका जुन्या गाठीचा काप लावतात. जिच्यात ते प्रथिन नक्की आहे अशा. हा मान रंगारणीच्या सासूबाईंचा. त्यांची गाठ इथेच काढली. आता बाई ठणठणीत, घरी बसून सुनेच्या चुका काढतात. गाठ वापरू का विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वापर. तिथे तरी माझ्या नजरेखाली राहशील."

आमच्या गल्लीतल्या शिवणवालीच्या गाठीची काच रंगारणीकडे आली. औषध मिळणार की नाही, ते या काचेवर ठरणार होतं. रंगारीण द्राव सोडायला बसली आणि घरून फोन.

"कुकरची रिंग कुठे ठेवलीस?"

"रोजच्याच जागी, आई."

"रोजचीच जागा चुकीची आहे."

मग जे जुंपलं ते काच धुऊन होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी शिवणवालीला घेऊन दारात उभा. मॅनेजरसाहेब काचेवरचा निळा रंग बघून खूश. "निगेटिव्ह? अरे वा, अभिनंदन! पाठवून द्या रिपोर्ट."

काच वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली काच टोकापर्यंत सरकवली. "रंगारीणबाई, तुमच्या सासूबाई निळ्या आहेत."

रंगारीण फळीकडे धावली. फळीवर सारख्याच दिसणाऱ्या दोन बाटल्या. एकीत द्राव, दुसरीत तो पातळ करायचं नुसतं पाणी. "फोनच्या नादात मी पाणीच सोडलं."

"मग हे निगेटिव्ह नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे निगेटिव्हच की!" मॅनेजर.

माझं डोकं फिरलं. "साहेब, दिवा लागला नाही म्हणून घरात माणूसच नाही असं लिहून देता का?"

पण ओरडून काप निघत नाही. शिवणवालीच्या गाठीचा तुकडा सुईने काढलेला, तांदळाच्या दाण्याएवढा, त्यातलाही बराच संपलेला. नाही पुरला, तर पुन्हा सुई. रंगारणीने फोन मॅनेजरच्या हातात कोंबला आणि पातं फिरवलं. पहिला काप गुंडाळून फुकट गेला. दुसरा निघाला, तो पाण्यावर अलगद पसरला. मग तिने बाटलीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचली, डॉक्टरीणबाईंना दाखवली, आणि थेंब सोडला.

तेवढ्यात मॅनेजरच्या हातात फोन वाजला. आवाज आमच्यापर्यंत आला. "तुम्ही कोण? सुनेला द्या. आणि तुम्ही तिथे नक्की काय काम करता हो?"

साहेबांना उत्तर सुचेना. आम्हालाही कधी सुचलं नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई तपकिरी झाल्या. शेजारी शिवणवालीच्या पेशीही, कडेकडेने, ठसठशीत.

"म्हणजे चांगलं की वाईट?" शिवणवालीने विचारलं.

"गाठ वाईटच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तिच्यावर औषध आहे, आणि ते आता तुम्हाला मिळेल."

रंगारीण घरी गेली. पुढचं तिनेच मला सांगितलं, दातओठ खात. चपला काढता काढता ती म्हणाली होती, "आई, आज तुमच्यामुळे माझी चूक सापडली."

सासूबाईंनी मान वरही केली नाही.

"एकच?"