गुरुवारचा सिनेमा

सिनेमा बघायचा तर दोघांनी मिळून, असा आमच्या खोलीचा नियम होता. महाळुंग्यातली पत्र्याची खोली, त्यात आम्ही दोघंच. मी परभणीकडचा, तो जालन्याकडचा. तो पहिल्या शिफ्टला असला की मी दुसऱ्या शिफ्टला, त्यामुळे आठवडाभर एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. कंपनीची सुट्टी गुरुवारी, तेवढीच काय ती भेट. आणि शुक्रवारी थिएटरात नवा सिनेमा लागतो, म्हणून आमच्या नशिबात कायम शेवटचा दिवस.

तेव्हा एक धमाल मारधाडीचा सिनेमा लागला होता. एक हवालदार आणि एक गटार साफ करणारा, दोघे जिवलग मित्र, नदीत केमिकलचे टँकर ओतणाऱ्या टोळीच्या मागे लागतात. "आपलीच जोडी आहे की राव," तो म्हणाला. मी दोन तिकिटं काढली.

गुरुवारी सकाळी बघतो तर हा युनिफॉर्म घालून तयार. "आज ओव्हरटाइम आहे. पुढच्या गुरुवारी जाऊ, भावा."

माझं डोकंच फिरलं. "पुढच्या गुरुवारपर्यंत तो राहतोय होय? जा, त्या ओव्हरटाइमशीच लग्न लाव!"

तो हसला आणि बस पकडायला गेला. मी तिरीमिरीत एकटाच थिएटरात गेलो. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. पडद्यावरची नदी फेसाळली तेव्हा वाटलं, यापेक्षा आमच्या इंद्रायणीवरचा फेस भारी. हे सांगायला मान वळवली, तर पिशवी. गटारवाला हवालदाराला खांद्यावर घेऊन पळाला तेव्हा अख्खं थिएटर खिदळलं, मीही हसलो. पण हसताना कोपर मारायला कुणी नसेल तर ते हसणं कसलं, डोंबलाचं?

संध्याकाळी तो कांदा चिरत बसला होता. "गेलतास का रे?"

"छे! झोपून होतो." का खोटं बोललो? लाज वाटली, दुसरं काय.

शनिवारी त्याला ब्रेक मिळाला. ठेकेदाराच्या माणसाचे सात महिने भरले की त्याला घरी बसवतात, परत बोलावलं तर बोलावलं. बॅग भरता भरता म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी कामाला आलास तर ब्रेक पुढं ढकलतो, असं सुपरवायझर म्हणला होता. इथंच राहावं म्हणून गेलतो रे त्या दिवशी." मी त्याची बॅग उचलली. त्याला जालन्याकडच्या बसमध्ये बसवून आलो.

खोलीत नवा पार्टनर घेतला नाही. कामावरून येऊन कुलूप उघडायचं म्हटलं की नको नको व्हायचं. आठवड्याच्या सुट्टीला तर खोली खायला उठायची.

दीड-दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. आवाज नुसता खुशीत. "अरे, तो आपला सिनेमा मोबाइलवर आलाय! लई हसलो राव. इंटरव्हलपर्यंत बघितला आणि बंद केला."

"का?"

"उरलेला तुझ्यासंगं बघायचाय. बोलावतील की मला परत. तोवर एकट्यानं बघू नको हां."

"नाही बघत," मी म्हणालो.