कळा सोसायच्या कुणासाठी

मेढ्याला दुसरीत असताना मला पिसाळलेलं कुत्रं चावलं. त्या काळी सरकारी दवाखान्यात त्यावर पोटात इंजेक्शनं द्यायचे. वडील रोज मला सायकलवर बसवून न्यायचे. पहिल्या दिवशी मला काही कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याची भिंत दिसली की मला उलटी व्हायची. वडील खांदे धरायचे, तिथला शिपाई पाय धरायचा आणि बेंबीच्या आजूबाजूला सुई जायची. पोट सुजून टणक व्हायचं. माझ्याशी कुणी वाईट वागलं, असं मी म्हणणार नाही. परत येताना वडील लिमलेटच्या गोळ्या घेऊन द्यायचे आणि सायकल हातात धरून चालताना स्वतःच डोळे पुसायचे. पण तेव्हापासून सुई दिसली की माझ्या कानात गुणगुण सुरू होते, घाम फुटतो, आणि मी पडते. ठरवून पडत नाही. पाय आपोआप जातात.

लोकांना हे लाडावल्यासारखं वाटतं. लग्न होऊन मलकापूरला आले तेव्हा सासरी मी हे कुणालाच सांगितलं नाही. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा. घरी सासूसासरे, गावाबाहेर उसाचं रान. मी तिथल्याच एका शाळेत शिकवायला लागले. दिवस गेले आणि पहिल्यांदा रक्त तपासायला गेले, तेव्हा लॅबमधल्या खुर्चीवरून सरळ खाली आले. कपाळाला खोक पडली. सासूबाई सोबत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी पदरानं रक्त टिपलं आणि रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "पोर जल्माला घालाया निघालीस आन् सुईला भितीस व्हय?"

त्या चिडून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांची सगळी बाळंतपणं घरी झाली होती. त्या काळात माझं तपासणं कराडच्या एका डॉक्टरांकडे चालू होतं, त्याही हसल्या. एवढ्याला घाबरता, मग पुढं कसं व्हायचं, म्हणाल्या. हाच प्रश्न मला झोपू देत नव्हता. कळांची भीती होतीच, पण कळा थांबवायचा जो उपाय सगळे सांगत, तो पाठीत सुई घालून द्यायचा होता. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं.

माझी थोरली बहीण सांगलीला असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मेढ्याहून रस्ता घाटाचा आणि मोठा दवाखाना लांब. म्हणून ताईकडेच जायचं ठरलं. तिनं तिच्या ओळखीच्या एका बाईडॉक्टरांकडे नेलं. मी आधीच रडायच्या बेतात होते. त्यांनी समोरची फाईल मिटली आणि विचारलं, नेमकं काय होतं तुम्हाला, सुई दिसल्यावर? असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी कुत्र्यापासून सगळं सांगितलं.

मग त्यांनी एकेक उपाय समजावून सांगितला. पाठीतल्या सुईनं कळा जवळपास थांबतात, सगळ्यात चांगला आराम त्यानंच मिळतो. खुब्यात द्यायचं इंजेक्शन असतं, त्यानं गुंगी येते, दुखणं थोडं बोथट होतं, पण उशिरा दिलं तर बाळही सुस्त होऊ शकतं. आणि एक गॅस असतो. नळीला मास्क लावलेला, तो आपणच हातात धरायचा, कळ चढायला लागली की खोल ओढायचा. दुखणं जात नाही, पण सोसवतं. त्याला सुई लागत नाही. त्याशिवाय चालणं, गरम पाणी अंगावर घेणं, कुणीतरी कंबर दाबून धरणं, यानंही पहिले तास निभावतात.

"पण हातात सलाईनची एक सुई मी लावणारच," त्या म्हणाल्या. "रक्तस्राव झाला तर तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो. त्यात मी तुमचं ऐकणार नाही."

हे स्पष्ट सांगितलं म्हणूनच बहुधा माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांनी भुलीच्या डॉक्टरांनाही बोलावलं. पिकल्या मिशांचे, हळू बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले की सुई पाहून चक्कर येते त्यांचा रक्तदाब एकदम उतरतो. त्यावर सोपं काही करता येतं: आडवं पडायचं, मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळायच्या, सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. आणि कातडी बधिर करणारं मलम असतं, ते तासभर आधी लावलं की टोचल्याचं फारसं कळत नाही. ते याला आजार म्हणाले नाहीत की नखरे म्हणाले नाहीत. आमचं ठरलं: मलम लावून सलाईन, मग गॅस, आणि कंबर दाबायला ताई. पाठीतली सुई नको.

ते दिवस चांगले गेले. संध्याकाळी ताई आणि मी गच्चीवर फेऱ्या मारायचो. ती माझ्या कंबरेवर तळहात दाबून दाखवायची, इथं का जरा खाली, असं विचारायची. तोंडाला वाटी धरून मी गॅस ओढायची तालीम करायचे आणि दोघी हसायचो. मला वाटायला लागलं होतं की मला जमेल.

नववा महिना लागला होता. एका सकाळी चहा पिताना लक्षात आलं की रात्रीपासून पोटात काही हललेलं नाही. ताईनं गूळपाणी दिलं, डाव्या कुशीवर झोपवलं. मी पोटाला हात लावून पडून राहिले. मग पोट हलवून पाहिलं. ते नुसतं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं. पोत्यातला भार जावा तसं. ताई रिक्षा आणायला गेली.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर नेहमी बोलत असायच्या, हे डोकं, हा हात. त्या दिवशी बोलल्या नाहीत. यंत्राचा पडदा त्यांनी मला दिसणार नाही असा थोडा वळवून घेतला. पुष्कळ वेळ पाहिलं. मग माझ्या पोटावरचा ओला चिकटा स्वतः पुसला आणि म्हणाल्या, "बाळाचे ठोके दिसत नाहीत. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. ते गेलंय."

दुपारपर्यंत मलकापूरहून आत्या आल्या, मेढ्याहून आई आली. नवऱ्याला ताईनं फोन केला. माझ्याशी बोलताना तो नुसता हां, हां म्हणत राहिला. त्याच्यामागं कुणीतरी मोठ्यानं हुकूम देत होतं. निघतो, म्हणाला. तिथून यायला त्याला दिवस लागणार होते.

मी डॉक्टरांना म्हटलं, मला पूर्ण झोपवा आणि काढून टाका. त्या खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या की शस्त्रक्रियेचा धोका आता विनाकारण घ्यायचा नाही, पुढच्या वेळी तो व्रण आड येऊ शकतो. गोळ्या देऊन कळा आणायच्या, हेच तुमच्यासाठी चांगलं. मग पुढं बोलल्या.

"आता बाळावर काय परिणाम होईल याचा विचार करायला नको. त्यामुळे दुखण्यासाठी तुम्हाला हवं ते आणि हवं तेव्हा देता येईल."

त्यांच्या दृष्टीनं ही सोय होती. मला ते वाक्य अजून ऐकू येतं.

असं म्हणतात की मोठं दुःख आलं की बारक्या भीती पळून जातात. माझी गेली नाही. सिस्टर रक्त घ्यायला आली, तिच्या ट्रेमधली सुई दिसली आणि मी हात छातीशी ओढून घेतला. कानात तीच गुणगुण. पोटात मेलेलं मूल आणि मी सुईला घाबरून खाटेच्या कोपऱ्यात सरकत होते. मला स्वतःची किळस आली. भुलीचे डॉक्टर आले, त्यांनी माझ्या दोन्ही हातांना मलम लावलं, वरून प्लॅस्टिक चिकटवलं आणि शेजारच्या स्टुलावर बसून राहिले. मलम मुरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मग मला आडवं केलं, मांड्या आवळायला लावल्या, तोंड भिंतीकडे करायला सांगितलं. सुई गेली. मी शुद्धीवर होते.

गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळा आल्या. ताईनं कंबर दाबली. गरम पाण्याखाली उभी राहिले. मग मास्क हातात घेतला. गॅसला किंचित गोड, रबरी वास होता. चार-पाच खोल श्वास घेतले की डोकं हलकं व्हायचं, कळ असायची, पण लांबून आल्यासारखी. सांगितलं होतं अगदी तसंच. शेजारच्या खोलीत कुणीतरी बाळंत झाली आणि मूल रडलं. सिस्टरनं धावत जाऊन आमचं दार लावलं.

दुपारी कळा अशा वाढल्या की मास्क तोंडाला लावायचं भान राहीना. लावला तरी उशीर झालेला असायचा. पोट आणि पाठ दोन्हीकडून कुणी पिळतंय, असं होत होतं. डॉक्टर म्हणाल्या, अजून वेळ आहे, पाठीतल्या सुईचा विचार करा, खुब्यातलं इंजेक्शनही आहे. मी मान हलवत राहिले. नको. नको म्हणण्यात नुसती भीती नव्हती. या मुलासाठी मी आता दुसरं काहीच करू शकणार नव्हते. निदान त्याला जन्म देताना दुखावं, असं काहीतरी मनात येत होतं. ते मी कुणाला बोलले नाही.

आई उशाशी होती. ती माझं कपाळ चोळत म्हणाली, "सोस बाय. बाळातपण असंच असतंय. समद्या बाया सोसत्यात."

आत्या इतका वेळ भिंतीशी पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या.

"इहीणबाई, सोसत्यात ती पोराचं तोंड बघायला," त्या म्हणाल्या. "हिनं कुणासाठी सोसायचं?"

आई बाजूला सरकली. आत्यांनी माझ्या हातातला मास्क काढून घेतला आणि माझा चेहरा आपल्याकडे वळवला. "सुई घे पोरी. मी हाय हितं."

मी हो म्हटलं. मला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. आत्या समोर स्टुलावर बसल्या आणि माझं डोकं त्यांनी पोटाशी घट्ट दाबून धरलं. त्यांच्या लुगड्याला मिश्रीचा वास येत होता. मागून भुलीचे डॉक्टर एकेक गोष्ट आधी सांगून करत होते: आता गार लागेल, आता मुंगी चावल्यासारखं होईल, आता फक्त दाब. मध्येच कळ आली तेव्हा ते थांबले. मी मांड्या आवळल्या. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं, आत्या माझ्या कानात पुटपुटत होत्या, झालं, झालं, झालं. तेव्हा झालेलं नव्हतं. पण थोड्या वेळानं खरंच झालं. पाय जड आणि गरम झाले. कळ आली ती पोट कडक झाल्यावरून समजली, दुखली नाही.

आणि मग खोली एकदम शांत झाली. तोवर दुखण्यात मी बाकी सगळं विसरले होते, आता विसरायला काही उरलं नाही. खिडकीतून पलीकडच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते. आई रडत होती. मी त्या कपड्यांकडे बघत राहिले आणि पहिल्यांदा मला नीट कळलं की काय होणार आहे. तो वेळ कळांपेक्षा वाईट होता. तरीही सुई घेतली त्याचा मला पस्तावा नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, खुब्यातलं घेतलं असतं तर तुम्ही गुंगीत राहिला असता, चेहरा नीट आठवला नसता.

मला आठवतो. मुलगी होती. केस दाट आणि काळे, ओठ जांभळे. वरचा ओठ माझ्या नवऱ्याचा. आत्यांनी तिला पुसून पांढऱ्या कापडात गुंडाळलं. माझ्याकडे द्यावं की नाही यावरून आई आणि सिस्टरमध्ये कुजबुज चालली होती. आत्यांनी कुणाला विचारलं नाही, आणून माझ्या हातात दिली. ती अजून ऊबदार होती. ती ऊब माझीच होती, हे मला माहीत होतं. सासरे आले आणि तिला घेऊन गेले. रानाच्या कडेला तिला पुरलं.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली, ब्लाऊज ओला झाला. ते बंद करायला गोळ्या दिल्या. आत्यांनी वरून कापड घट्ट बांधलं.

मला दवाखान्यातून ताईच्या घरी आणलं होतं; नवरा आला तो थेट माझ्या खाटेपाशी. गणवेशावरच होता. पायाशी बसला आणि त्यानं विचारलं, "लय दुखलं का?"

मी म्हटलं, शेवटी नाही दुखलं. त्याला त्यानं बरं वाटलं. मला त्याचं बरं वाटणं सहन झालं नाही आणि मी भिंतीकडे वळले.

यंदा पुन्हा दिवस गेले आहेत. सातवा चालू आहे आणि मी आतापासूनच ताईकडे येऊन राहिले आहे. डॉक्टर त्याच. पाठीतली सुई लवकर द्या, असं मी आधीच सांगून ठेवलंय. भीती गेली म्हणून नव्हे, ती आहे तशीच आहे. परवाही रक्त देताना आडवी पडले होते तरी शुद्ध हरपली. पण तालीम करायला गच्चीवर मी जात नाही, आणि ताईही तो विषय काढत नाही. सोनोग्राफीच्या खोलीत मी पडद्याकडे पाहत नाही, डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहते. त्या बोलायला लागेपर्यंत श्वास घेत नाही.

आत्या मलकापूरहून रोज सकाळी फोन करतात. खाल्लंस का, झोपलीस का, काही विचारत नाहीत. "हलतंय न्हवं?" एवढंच म्हणतात. मी पोटाला हात लावून थांबते. कधी लगेच कळतं, कधी वेळ लागतो. तोवर दोघीही फोन धरून गप्प असतो.