मराठीतली साक्ष

“आपल्याकडचीच दिसते गं ही. आडनाव बघ की.”

“आई, हळू. इथे कुणाला काय कळतं, सांगता येत नाही.”

“कळू दे. मी काय शिव्या देतेय? एवढीशी पोर एवढ्या लांब धाडायची म्हणजे घरच्यांचा जीव कसा होतो गं?”

मेट्रो बुओना व्हिस्टा स्टेशनातून निघाली होती. समोर साठीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. अंगावर सुती साडी, पायांत स्पोर्ट्स शूज. शेजारी त्यांची दिवस भरत आलेली मुलगी, मांडीवर हॉस्पिटलची फाइल. बाईंची नजर माझ्या काळ्या बिल्ल्यावर होती. त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत ‘सिस्टर’, पुढे माझं आडनाव आणि खाली आमच्या चर्चचं नाव. मी दारावरच्या स्टेशनांच्या पट्टीकडे बघत राहिले, जणू मराठीशी माझा काही संबंधच नाही.

मॉर्मन मिशनरी म्हणून सिंगापूरला येऊन मला काही आठवडेच झाले होते. आमच्यात मुली दीड वर्षासाठी जातात, कुठे जायचं ते चर्च ठरवतं. तेव्हा घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याला एक ईमेल. आणि सोबत एक जोडीदार, जिला सोडून बाथरूमखेरीज कुठेही जायचं नाही. माझी जोडीदार अमेरिकेतल्या एका बर्फाळ गावातली होती, माझ्याहून वीतभर उंच, आणि सकाळी साडेसहाला उठल्यापासून आनंदी.

तिने मला कोपराने ढोसलं. “तुझी माणसं आहेत! बोल ना.”

ती स्वतः कुणाशीही बोलायची. बस स्टॉपवर, लिफ्टमध्ये, हॉकर सेंटरमधल्या जेवणाच्या रांगेत. किती वाजले विचारावं इतक्या सहज ती लोकांना देवाबद्दल विचारायची. मी तिच्या मागे अर्धं पाऊल उभी राहून हसायचे. लोक बहुधा हात वर करत, कानात इअरफोन घालत, नाहीतर “नॉट फ्री, लाह” म्हणून निघून जात. त्यांचा मला राग यायचा नाही. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मुलगी मी. त्यांच्या जागी असते तर मीही तशीच पळाले असते. वाईट याचं वाटायचं की ते निघून गेले की मला सुटल्यासारखं व्हायचं.

मला घरी जायचं होतं. पहिल्या आठवड्यापासून, रोज, दुसरं काही नाही. पण हे सांगायचं कुणाला? पुण्यातल्या आमच्या चर्चच्या छोट्या मंडळीतून मिशनवर गेलेली मी पहिली मुलगी. मी शाळेत असताना आमच्या घरात हा धर्म आला तो बाबांमुळे, आणि ते दर रविवारी माझी ईमेल सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. सभेत वाचली जाणारी ईमेल कशी लिहावी हे मला पक्कं ठाऊक होतं. हवामान उष्ण आहे, जोडीदार प्रेमळ आहे, देवाचा हात जाणवतो. आईला ईमेल वापरता येत नसे. तिलाही सभेत बसूनच माझी खुशाली कळायची. मिशनचे प्रमुख भेटायला आले तेव्हा त्यांनी इंग्रजीत विचारलं, “कशी आहेस?” मी म्हटलं, “छान.” ते खूश होऊन पुढच्या मुलीकडे वळले.

सोमवार सुट्टीचा. एका सोमवारी आम्ही ईस्ट कोस्टला गेलो. मिशनरींना पाण्यात उतरायची परवानगी नसते, त्यामुळे समुद्रापाशी जाऊन आम्ही नुसत्या बसलो. मागून सायकली जात होत्या. उतरणारी विमानं इतकी खाली यायची की शेपटीवरचं चित्र दिसायचं. मी ती चित्रं ओळखत बसले. जोडीदार म्हणाली, “किती शांत वाटतं ना इथे?” मी मान हलवली.

त्या दिवशी मेट्रोतून बिशान स्टेशनवर आम्ही चौघी एकदमच उतरलो. सरकत्या जिन्यावर त्या बाई अचानक मागे वळल्या.

“ए पोरी, मराठी कळतं ना तुला?”

“हो.”

“अगं मग मघाशी दगडासारखी का बसलीस? मी आपली बडबडतेय!”

“आई!” मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “सॉरी हं. माझ्या बाळंतपणाला आलीये, इथे बोलायला कुणी मिळत नाही तिला.”

“नाहीच मिळत. जावई ऑफिसात, ही झोपलेली, शेजारीण चिनी. तिला मी रोज हसून दाखवते, ती मला हसून दाखवते. किती हसायचं माणसाने?” मग माझ्या जोडीदाराकडे मान वर करून बघत, “शुक्रवारी जेवायला ये. या जिराफालाही आण. तिखट खाते का ही?”

मी एवढंच भाषांतर केलं की त्यांनी जेवायला बोलावलंय. जोडीदाराने स्टेशनातच डोळे मिटून आभाराची प्रार्थना केली.

जेवायला बोलावणं म्हणजे आमच्याकडे नुसतं जेवायला बोलावणं असतं, हे मी तिला सांगायचा प्रयत्न केला. तिच्या मते धर्माचं सांगायला दार उघडलं होतं. शुक्रवारी सगळं मी बोलायचं, तेही मराठीत, असं तिने ठरवून टाकलं. शेवटी साक्ष द्यायची, म्हणजे आपला विश्वास आपल्या शब्दांत सांगायचा. आमच्या सभेत लोक उभे राहून अशी साक्ष देतात आणि देताना बहुतेक जण रडतात. रडू आलं की पवित्र आत्मा आला, असं मानतात.

“इंग्रजीत देते ना,” मी म्हटलं. “मला त्यातच येतं.”

“पण तुझं मन त्या भाषेत आहे!”

मन कुठल्या भाषेत आहे हे मी कधी तपासलं नव्हतं. शाळा इंग्रजी. चर्चमधली पुस्तकं, गाणी, बाबांची जेवणाआधीची प्रार्थना, सगळं इंग्रजी. आई डोळे मिटून गप्प बसायची. मराठी आमच्या स्वयंपाकघरात होती, रिक्षात होती, मामीच्या टोमण्यांत होती. दोन रात्री मी आरशासमोर उभी राहून प्रयत्न केला. ‘प्रभूने मला पाचारण केले आहे’ असं काहीतरी तोंडून निघायचं आणि सरकारी पत्र वाचल्यासारखं वाटायचं. इंग्रजीत मी ज्यावर विश्वास ठेवत होते, त्याला मराठीत जागाच नव्हती. हे कळल्यावर मला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली. तोवर वाटायचं, मी फक्त लाजाळू आहे.

शुक्रवारी त्या काकूंनी वरणभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि पोळ्या केल्या होत्या. पोळीवर तूप वाढताना त्यांनी मला विचारलंही नाही. जोडीदार पोळीची सुरळी करून ती वरणात बुडवून खात होती. काकू बघत राहिल्या.

“खाऊ दे, खाऊ दे. पोटात गेलं की सगळं एकच.”

जेवण झाल्यावर मुलगी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. काकू उठल्या. “चहा टाकते.”

“नको, काकू.”

“नको काय? अर्धा कप.”

“आम्ही पीत नाही. आमच्यात चालत नाही.”

“चहा चालत नाही?” त्या पातेलं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. “दारूचं समजू शकते मी. पण चहाने काय घोडं मारलंय तुमच्या देवाचं? कॉफी?”

“तीही नाही.”

“अरे देवा! मग सकाळी उठता कशाला तुम्ही?”

मी हसले. कितीतरी दिवसांनी मनापासून हसले असेन, कारण जोडीदार चकित होऊन माझ्याकडे बघायला लागली. काकूंनी दूध गरम केलं, वेलदोडा घातला आणि दोन पेले आमच्यासमोर ठेवले. मग खुर्ची ओढून माझ्यापुढे बसल्या.

“हं, सांग आता. काय सांगायला आलीस? ही मघापासून तुला डोळ्यांनी खुणावतेय. मला काय कळायचंय त्यातलं, पण सांग. ऐकते मी.”

त्यांना आमच्या धर्मात काडीचा रस नव्हता. तरी माझ्यासाठी त्या ऐकायला बसल्या होत्या. जोडीदाराने धर्मग्रंथ मांडीवर उघडला आणि मान हलवली. आता.

मी पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवलं. तोंड उघडलं. काकूंच्या हाताला कणीक वाळून चिकटली होती आणि साडीला फोडणीचा वास होता. त्या वाट बघत होत्या, अजिबात घाई नसल्यासारख्या. या भाषेत मी देवाशी कधीच बोलले नव्हते. आईशी बोलले होते.

माझे डोळे भरून आले. मी ते थांबवू शकले नाही. जोडीदाराने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिचेही डोळे पाणावले होते, चेहरा उजळला होता. तिला वाटलं, तो क्षण आला. “बोल,” ती हळूच म्हणाली, “थांबू नकोस.”

“काय गं?” काकू पुढे झुकल्या. “काय झालं?”

खोलीत मराठी समजणाऱ्या आम्ही दोघीच जाग्या होतो.

“काकू,” मी म्हटलं, “मला घरी जायचंय. मला इथे एक दिवसही राहवत नाहीये, आणि हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.”