मामा सांगायचे, "जेवलेत"

तारेवाचून टेलिफोन करू शकेल असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नाशकात आमच्या क्वार्टर्ससमोर राहायचा. त्यांचा झेंडूचा मळा होता, म्हणून आम्ही त्यांना फूलवाले मामा म्हणत असू. फुलांचा मुंबईचा भाव कळावा म्हणून त्यांनी फोन घेतलेला. आम्हा बंबवाल्यांच्या, म्हणजे अग्निशमन दलाच्या, क्वार्टर्समध्ये त्या काळी एकाही घरात फोन नव्हता, त्यामुळे माझ्या वडिलांसकट सगळ्यांचा पीपी नंबर मामांचाच. फोनवर मामींनी विणलेलं झाकण असे. घंटी वाजली की मामा आधी टोपी घालत, मग झाकण काढून त्याची नीट घडी करत आणि मगच रिसीव्हर उचलत. त्या घडीपायी कितीतरी फोन कटले. जे वाचले त्यांवर मामा असे ओरडत, की पलीकडच्याला तार उगाच टाकल्यासारखी वाटावी.

गोदावरीला पूर आला की वडील आणि त्यांचे सोबती बोट घेऊन जात, आणि इकडे बायका मामांच्या ओट्यावर जमत. निरोप एवढाच यायचा, "सुखरूप आहे." पण असा कोरडा निरोप पोचवणं मामांच्या जिवावर येई. ते रस्त्यातूनच ओरडत, "ताई, बरे हायेत. आन् जेवलेत." काय जेवले तेही सांगत. एकदा शेजारच्या काकांना त्यांनी एकादशीला मटण खाऊ घातलं. काका परतल्यावर त्यांच्या घरात जे झालं, त्यापुढे पूर बरा. जाब विचारला तर मामा म्हणाले, "मानूस जेवला म्हनलं की घरची बाई दोन घास खाती. माझं काय जातं?"

एका वर्षी वडील सायखेड्याला गेले आणि दोन दिवस काहीच कळेना. आईने चूल पेटवली ती फक्त आम्हा पोरांपुरती. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा ओरडत आले, "बरे हायेत ताई. जेवलेत. भात आन् भरलेलं वांगं."

आई म्हणाली, "मामा, ते वांग्याला शिवत नाहीत."

मामा उंबऱ्यावरच बसले. टोपी काढून म्हणाले, "फोन परवापास्नं बंद हाय. तुम्ही काय खाईनात, म्हनून बोललो."

आई रागावली असती तर मामांनी ऐकून घेतलं असतं. ती नुसती रडायला लागली. मामा उठले, सायकल काढली आणि पोलीस चौकीत वायरलेसशेजारच्या बाकड्यावर जाऊन बसले. दर दहा मिनिटांनी ते म्हणत, "साहेब, सायखेड्याला इचारा ना." शेवटी साहेबांनी सुटकेसाठीच विचारलं असावं.

दिवेलागणीला मामा परत आले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं.

"ताई, वायरलेसवर सोता बोलले. पायाला पत्रा लागलाय. आन् सकाळधरनं जेवलेले नायत."

आईने डोळे पुसले आणि परात पुढे ओढली. तिचा विश्वास बसला होता. पहिली गरम भाकरी तिने मामांच्या ताटात वाढली, कारण तेही दिवसभर उपाशीच होते.

आता मामा नाहीत, वडीलही नाहीत. माझा मुलगा त्याच कामावर आहे. पूर आला की माझ्या मोबाइलवर त्याचा संदेश येतो, "सुखरूप आहे." तेवढाच. मी तो वाचतो, आणि सवयीने थोडा वेळ रस्त्याकडे कान लावून बसतो.