काउंटरवर बसवलेला भाचा
वाचनालयाच्या बाईंनी फुकट मिळणारी, कोणीही बदलू शकेल अशी संगणकप्रणाली हौसेने घेतली होती. नव्या आवृत्तीत पुस्तक परत घेण्याचं बटण कुठेतरी आत दडलं, रांग दारापर्यंत गेली आणि सभासद बाईंवरच डाफरू लागले. प्रणाली घडवणाऱ्यांत त्यांचा सख्खा भाचाच होता.

"अरे, बटण होतं तिथे आण ना!"

"मावशी, कोड खुला आहे. ज्याचं अडतं, तो दुरुस्त करतो."

"मला कुठे येतंय ते? मग बनवता तरी कोणासाठी?"

"खरं सांगू? आमच्यासाठीच."

वैतागलेल्या बाईंनी शनिवारी भाच्यालाच काउंटरवर बसवलं. सकाळभर त्याने लोकांची बोलणी खाल्ली. दुपारी बटण जागेवर आलं.

"आता कोणासाठी केलंस रे?"

"माझ्यासाठीच," घाम पुसत तो म्हणाला.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.