बिरादार मॅडम आणि माझे रुबाबदार टायर

पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणाऱ्या माझ्या जुन्या हायब्रिड गाडीला मी पुढाऱ्याच्या गाडीला असतात तसले रुंद, जाड नक्षीचे टायर बसवले. तसा सल्ला कुणीही दिला नव्हता. आधीचे टायर गुळगुळीत झाले होते, दुकानात हे काळेभोर धूड भिंतीला टेकून उभं होतं आणि दुकानदार म्हणाला, "सर, रुबाब येईल." आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला एवढं पुरतं. माप जरा मोठं होतं, पण "बसतंय की," असं तोही म्हणाला आणि मीही.

या गाडीतून रोज आम्ही तिघं लातूरहून निलंग्याच्या शाळेत जायचो. मी चालवायचो, विज्ञानाचे गायकवाड सर मागे झोपायचे आणि पुढच्या सीटवर बिरादार मॅडम. मॅडम उदगीरच्या. वर्गात शुद्ध हिंदी शिकवायच्या, पण गाडीचं दार लागलं की उदगीरचं बोलणं सुरू. त्यांची एक सवय मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. त्या खिडकीबाहेर बघतच नसत. समोरच्या छोट्या पडद्यावर बॅटरीचं चित्र आणि इकडून तिकडे पळणारे बाण दिसायचे, ते बघत बसायच्या. लोक मालिका बघतात तशा, एकही भाग न चुकवता. उतार लागला, बाण चाकांकडून बॅटरीकडे वळला की जाहीर करायच्या, "भरून राहिली, सर." मी ट्रॅक्टरला मागं टाकायला जोरात पाय दाबला की, "उधळा, उधळा. फुकटची हाय ना."

एकदा मी वैतागून म्हणालो, "मॅडम, गाडी माझी आहे."

"हाव. म्हणूनच तिची काळजी वाटते."

नवे टायर बसवले त्या दिवशी मी गाडी मुद्दाम आडवी लावून उभा होतो. मॅडमनी टायरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गुपचूप आत बसल्या. औसा येईपर्यंत कळ काढली आणि म्हणाल्या, "काय हो सर, खाली औत जुपलंय का? लई घुमून राहिलंय."

"ग्रिप आहे ती, मॅडम."

महिनाभरात लिटरला वीस देणारी गाडी सोळावर आली. मी निदान केलं : बॅटरी गेली. मेकॅनिकनं बॉनेटही न उघडता सुस्कारा सोडला आणि मान डोलावली. बॅटरी बदलायची तर गाडीपेक्षा तीच महाग. माझी बायको सुनंदा म्हणाली, "विका ते खटारं आणि एसटीचा पास काढा." दुसऱ्या दिवशी मी गाडीत ही बातमी सांगितली. गायकवाड सर क्षणभर जागे झाले, "एसटीत झोप बरी लागते," म्हणाले. मॅडमनी त्या दिवशी पडद्याकडे पाहिलंही नाही.

शाळेपाशी त्या उतरत होत्या तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन्ही हातांनी दार धरायचं, एक पाय खाली, थांबायचं, मग दुसरा. एवढ्याशा बुटक्या गाडीतून उतरायला ही तऱ्हा, तर एसटीची पायरी त्या कशी चढणार? निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दुपारी आमचे क्लार्क हळूच म्हणाले, "बिरादार मॅडम विचारत होत्या, आधीच नोकरी सोडली तर काय काय मिळतं." गाडी विकण्याचा हिशेब इथवर येईल असं काही मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी औशाच्या पुढच्या उतारावर मॅडम एकदम म्हणाल्या, "सर, पाय काढा."

"का?"

"काढा म्हणते ना. आता सुम्ने बसा." त्यांच्याकडे 'गप्प बसा'ला असं म्हणतात. मी बसलो. गाडी रेंगाळत रेंगाळत पुलाच्या अलीकडेच थबकली.

"आधी इथं पाय काढला की गाडी पूल सोडून त्या रसवंतीपर्यंत जायची. हाव का न्हाई? आन् बाण बघा, बॅटरी भरून राहिलीच की. मग धरून कोण ठेवलंय? बैलाला म्हशीचे खूर ठोकले तुम्ही, सर. बैल मेला न्हाई, दमून राहिला."

"घर्षण," मागून गायकवाड सर म्हणाले आणि पुन्हा झोपले.

लातूरच्या दुकानदाराकडे जुन्या मापाचे टायर नव्हते. नांदेडला मिळतील म्हणाला. नांदेडला मॅडमची बहीण राहते, म्हणून रविवारी त्याही निघाल्या. निदान मला त्यांनी तसं सांगितलं. दुकानात आधी त्यांनी मला ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला चिकटवलेलं माप मोठ्यानं वाचायला लावलं. "गाडीनं सोताचं माप अंगावर लिहून ठेवलंय. तरी तुम्ही दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवला."

फ्रीजवर असतात तसे बचतीचे तारे आता काही टायरांवरही असतात. भरपूर तारे आणि सगळ्यात कमी किंमत असलेल्या टायरावर मी झडप घातली. मॅडमनी दुकानदाराला विचारलं, "वल्ल्या रस्त्यावर थांबतंय का हे?"

"रुकता है मॅडम. थोडा आगे जाके."

"थोडं पुढं म्हणजे उसाच्या ट्रॉलीत. सर, पेट्रोल वाचवायचंय, आपल्याला वाचवायचं न्हाई का?"

शेवटी एक तारा कमी, किंमत जराशी जास्त, पण पावसात नीट थांबणारे टायर ठरले. तेही रबरावरचा बनवल्याचा आठवडा आणि वर्ष बघून. गोदामात म्हातारे झालेले दोन त्यांनी परत पाठवले. माझे रुबाबदार टायर बदल्यात घेताना दुकानदार हळूच म्हणाला, "सर, इनको पैलेच कायकू नै लाए?"

सोमवारी त्याच उतारावर मी न सांगता पाय काढला. गाडीनं पूल सोडला आणि रसवंतीच्या बाकड्यापाशी जाऊन थांबली. मॅडमनी पर्समधला बडीशेपेचा डबा काढून माझ्यापुढे धरला. माझ्या इतक्या वर्षांच्या ड्रायव्हिंगला मिळालेलं हे एकमेव बक्षीस. गाडी हळूहळू एकोणिसावर आली आणि विकण्याचा विषय सुनंदानंही सोडला. पुढची दोन वर्षं मॅडम पुढच्या सीटवर होत्या. दर पंधरवड्याला मला पंपावर थांबवायच्या. "लेकराला भूक आन् टायरला हवा, त्यांनी मागायची वाट बघू नये."

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि हार घेऊन त्यांना घरी सोडलं. दोन्ही हातांनी दार धरून त्या सावकाश उतरल्या. मी काहीतरी चांगलं बोलायचं ठरवून आलो होतो, पण डोळेच भरून आले. मॅडम खिडकीशी वाकल्या.

"डोळे पुसा आधी सर, आन् मग गाडी काढा. तुम्ही खड्ड्यात गेलात तर चालंल, पण टायर आजून दोन वर्षं चालतेत."